१६ पोर्टचा ऑप्टिकल पॅकेट स्विच कमी खर्चात: गेट, बफर आणि लेसर यांचा हिशेब

अनुनाद (धागाकर्ता)

प्रकाशातल्या प्रकाशात पॅकेट वळवणारा स्विच कमी खर्चात कसा बांधायचा, यावर चर्चा हवी आहे. विषय मुद्दाम आटोपशीर ठेवतो. पोर्ट १६, प्रत्येकाचा वेग २५ गिगाबिट, साधं एनआरझी (प्रकाश चालू म्हणजे १, बंद म्हणजे ०), सी बँड (१५५० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश). सगळं एकाच इमारतीत, सर्वांत लांब फायबर १०० मीटर. स्विचच्या आत विजेत रूपांतर नको.

वेळेचा अंदाज असा: १५०० बाइटचं पॅकेट म्हणजे १२,००० बिट. २५ गिगाबिटला ते ४८० नॅनोसेकंदांत संपतं. म्हणजे आरसे हलवणारे मेम्स स्विच (मिलिसेकंद) आणि तापवून चालणारे सिलिकॉन स्विच (मायक्रोसेकंद) इथे बाद. मग तीन वाटा उरतात.

१. प्रत्येक इनपुटचा प्रकाश सगळ्या आउटपुटांकडे वाटायचा आणि हवा तो एसओए गेट (सेमीकंडक्टर ऑप्टिकल अँप्लिफायर: प्रवाह दिला की प्रकाश वाढवून सोडतो, बंद केला की अडवतो) उघडायचा.
२. मधे नुसता एडब्ल्यूजी राउटर (रंगाप्रमाणे प्रकाश वेगवेगळ्या आउटपुटकडे नेणारी चिप) ठेवायचा, ज्यात कुठलाही चालता भाग नाही, आणि कडेला झटपट रंग बदलणारे लेसर लावायचे. रंग बदलला की आउटपुट बदलतं.
३. वरीलपैकी काहीही, पण टक्कर (दोन पॅकेटं एकाच वेळी एकाच आउटपुटकडे) टाळायला आत फायबरचे बफर आणि तरंगलांबी बदलणारे कन्व्हर्टर.

कोणती वाट खर्चाला परवडते आणि का? आकडे मांडूनच बोलूया.

तंतुवाय

तिसऱ्या वाटेपासून सुरुवात करतो, कारण पैसा सर्वांत जास्त तिथेच बुडतो.

प्रकाशाची रॅम नाही. पॅकेट थांबवायचं तर त्याला फायबरमध्ये फिरवत ठेवायचं, एवढंच हाती आहे. फायबरमध्ये प्रकाशाला मीटरला साधारण ४.९ नॅनोसेकंद लागतात. ५१.२ नॅनोसेकंदांचा स्लॉट (एका खेपेला मिळणारा ठराविक वेळ) धरला तर एका स्लॉटच्या उशिरासाठी सुमारे १०.५ मीटर फायबर.

आता बफरमध्ये किती खाने लागतात (एका खान्यात एका स्लॉटचं पॅकेट) ते पाहा. आवक समसमान आणि यादृच्छिक, भार ०.८ असेल, तर पॅकेट गळती दहा लाखांत एकाच्या आसपास ठेवायला प्रत्येक आउटपुटला जवळपास २८ खाने लागतात. १ ते २८ स्लॉटच्या वेगवेगळ्या तारा धरल्या तर १ ते २८ ची बेरीज ४०६, म्हणजे एका आउटपुटला सव्वाचार किलोमीटर आणि १६ आउटपुटांना ६८ किलोमीटर फायबर. फायबरची किंमत सोडून द्या, ती किरकोळ आहे. खरा घाव गेटांवर बसतो. प्रत्येक इनपुटला प्रत्येक आउटपुटच्या प्रत्येक तारेकडे (२८ उशिराच्या आणि १ थेट) जाता आलं पाहिजे: १६ × १६ × २९ = ७,४२४ गेट. १६ पोर्टच्या स्विचला! आणि हेही समसमान आवकेसाठी. खरी आवक झुंडीने येते, तेव्हा २८ खाने कुठच्या कुठे उडतात.

कन्व्हर्टर घातले की खाने कमी होतात, कारण एकाच फायबरवर आठ रंगांत पॅकेटं शेजारीशेजारी बसतात. पण कन्व्हर्टर म्हणजे तरी काय? पॅकेट विजेत न आणणारा हवा तर एसओए-माख-झेंडर (प्रकाश दोन वाटांनी नेऊन पुन्हा एकत्र आणणारा), तो सांभाळायला नाजूक. भरवशाचा हवा तर फोटोडायोड, अँप्लिफायर आणि ट्यूनेबल (रंग बदलणारा) लेसर, म्हणजे चक्क एक ट्रान्सीव्हर (प्रकाश विजेत आणि वीज प्रकाशात बदलणारा भाग). तिथे पॅकेट विजेत आलंच, तर साध्या मेमरीत ठेवायला कोणाची हरकत?

अवकाश

कन्व्हर्टर सगळ्यांत वाटून घेता येतात ना? प्रत्येक रंगाला एक न देता संपूर्ण स्विचला एकच साठा ठेवायचा. टक्कर झालेल्यांनाच कन्व्हर्टर लागतो, बाकीचे सरळ जातात.

तंतुवाय

@अवकाश, येतात, पण गेटांची संख्या वाढते. साठ्यात क कन्व्हर्टर असतील तर आतल्या जाळ्याला क जादा इनपुट आणि क जादा आउटपुट द्यावी लागतात, कारण कुठलंही पॅकेट कुठल्याही कन्व्हर्टरकडे जाऊन परत येऊ शकलं पाहिजे. कन्व्हर्टरवर वाचवलेलं गेटांवर जातं. कन्व्हर्टर गेटच्या कित्येक पट महाग असेल तरच हा सौदा फायद्याचा. प्रत्येक आउटपुट फायबरला आपापला छोटा साठा ठेवला तर जादा गेट कमी लागतात, पण वाटपाचा फायदाही तेवढाच घटतो.

लूप बफरचंही थोडक्यात सांगतो, कारण आपल्याकडे त्यावर मन लावून काम झालं आहे, विशेषतः आयआयटी कानपूरमध्ये. तीच फायबरची कडी पॅकेट पुन्हा पुन्हा फिरवते, त्यामुळे तारांची संख्या एकदम खाली येते. अडचण अशी की दर फेरीला अँप्लिफायरचा गोंगाट साचत जातो आणि ठराविक फेऱ्यांनंतर पॅकेट वाचण्यासारखं राहत नाही. शेजारच्या रंगांची गळतीही दर फेरीला भर घालते.

चक्रपाणी

पहिल्या वाटेचा हिशेब मी मांडतो. (डीबी हे शक्तीच्या प्रमाणाचं माप: ३ डीबी तोटा म्हणजे निम्मी शक्ती, १० डीबी म्हणजे दहावा भाग. डीबीएम म्हणजे तेच माप १ मिलिवॉटच्या तुलनेत.)

सरळसोट रचनेत १६ × १६ = २५६ गेट. इनपुटला १:१६ स्प्लिटर: १२ डीबी विभागणीचे आणि दीड डीबी वरचा तोटा. आउटपुटला १६:१ कम्बाइनर, पुन्हा साडेतेरा. मॉड्युलेट केलेला प्रकाश +३ डीबीएम धरला तर गेटच्या तोंडाशी −१०.५ डीबीएम, एसओएचा गेन १५ डीबी धरून बाहेर +४.५, कम्बाइनरनंतर −९, कनेक्टर धरून रिसीव्हरपाशी −११. म्हणजे अगदी काठावर. गोंगाटाची काळजी मात्र नको: −१०.५ डीबीएम इनपुट आणि ८ डीबी नॉइज फिगरला (अँप्लिफायर स्वतः घालतो तो गोंगाट) ओएसएनआर (सिग्नल आणि गोंगाट यांचं प्रमाण; ५८ हा सूत्रातला ठरलेला आकडा) ५८ − १०.५ − ८ = ३९.५ डीबी येतो. एकाच टप्प्याला तो भरपूर झाला. एसओएमध्ये त्रास होतो तो आउटपुट संपृक्तीजवळ (एसओए देऊ शकतो त्या कमाल शक्तीजवळ) गेलं की. मग एका बिटचा परिणाम पुढच्या बिटवर पडतो. संपृक्तीच्या तीन-चार डीबी खालीच राहा.

गेट कमी करण्याची नामी युक्ती आयबीएम आणि कॉर्निंग यांच्या ऑस्मोसिस स्विचमध्ये होती. ६४ पोर्ट, ४० गिगाबिट, २५६ बाइटचे सेल (ठराविक मापाचे तुकडे), म्हणजे ५१.२ नॅनोसेकंदांचा स्लॉट. ६४ इनपुट ८ फायबर गुणिले ८ रंग असे बांधले. मग आउटपुटला आधी ८ पैकी एक फायबर निवडायचा, नंतर त्यातला ८ पैकी एक रंग. ६४ गेटांऐवजी ८ + ८ = १६. प्रत्येक आउटपुटला दोन रिसीव्हर होते, म्हणून १२८ मॉड्यूल आणि २,०४८ गेट. बफर विजेतच, इनपुटच्या कडेला. हीच रीत १६ पोर्टला लावली तर ४ फायबर × ४ रंग, आउटपुटला ४ + ४ = ८ गेट, एकूण १२८. निम्मे वाचले.

बंद गेटची गळती मात्र मोजायला विसरू नका. एका आउटपुटवर १५ बंद गेट एकदम गळत असतात. प्रत्येकाचा चालू-बंद फरक ४० डीबी असेल तर बेरीज −२८ डीबी, चालेल. ३० डीबीच असेल तर −१८, आणि लिंक गेली. लवकर उघडावा म्हणून गेटला बंद अवस्थेतही काही मिलीअँपिअर देत ठेवतात, आणि तिथेच हा फरक बिघडतो. बंद म्हणजे शून्य, शक्य तर किंचित उलटा व्होल्टेज.

रोहिणी_म

गेट ड्रायव्हरबद्दल भर घालते, कारण अंदाजपत्रकात त्याला एक ओळही मिळत नाही आणि बोर्डावर सर्वांत जास्त जागा तोच खातो.

१०० मिलीअँपिअर एका नॅनोसेकंदात चढवायचे आहेत. बाँड वायरचं (चिपला पॅकेजशी जोडणारी बारीक तार) इंडक्टन्स मिलिमीटरला सुमारे १ नॅनोहेन्री. २ मिमीला ०.२ व्होल्ट जातात, ठीक आहे. पण बटरफ्लाय पॅकेजच्या पिना आणि ट्रॅक धरून १० नॅनोहेन्री झाले की पुरा १ व्होल्ट, आणि वर रिंगिंग (प्रवाहाचे हेलकावे). ते मारायला ४५ ओम सीरिजमध्ये टाकावे तर १०० मिलीअँपिअरला ५ व्होल्टचा ड्राइव्ह लागतो, म्हणजे गेटमागे अर्धा वॉट. एकावेळी ३२ गेटच उघडे असतात (आउटपुटमागे एक फायबरचा, एक रंगाचा) हे खरं, पण ड्रायव्हर मात्र प्रत्येक गेटला हवाच: १२८ गेट, १२८ ड्रायव्हर.

ड्रायव्हर चिप एसओएला खेटून बसवा आणि सीरिज रोध ५ ते १० ओमवर आणा. चढत्या कडेला एक छोटा जादा धक्का द्या, त्याने कड लवकर चढते. धक्का जास्त झाला तर पॅकेटच्या पहिल्या काही बिटांची पातळी वर जाते आणि रिसीव्हर चुकीचा उंबरठा पकडतो. ही चूक पॅकेटच्या सुरुवातीलाच दिसते, मधे कधीच नाही. त्यावरून ती ओळखता येते.

अनुनाद (धागाकर्ता)

म्हणजे बफर कडेला विजेत ठेवायचा, हे ठरलं असं धरूया. आता दुसरी वाट. एडब्ल्यूजी राउटर एकच, वीज शून्य, तोटा ५-६ डीबी आणि तो पोर्ट वाढले तरी फारसा वाढत नाही. गेट नाहीत. मग सगळे तोच का वापरत नाहीत?

लोलक

दोन कारणं: लेसर आणि क्रॉसटॉक (एका मार्गातला प्रकाश दुसऱ्यात गळणं). लेसरचं नंतर. क्रॉसटॉकमध्ये एक गोष्ट अशी आहे की जी नीट समजून घेतली तर फुकटात कित्येक डीबी मिळतात. सविस्तर लिहितो.

राउटरचा नियम सोपा: इनपुट इ वर रंग त घातला तर तो आउटपुट आ = इ + त (१६ ने भागून बाकी) इथे निघतो. शेजारच्या चॅनेलची गळती समजा −२७ डीबी, लांबच्यांची −३५. एका आउटपुटवर दोन शेजारी आणि तेरा लांबचे: बेरीज सुमारे −२१ डीबी. ही गळती वेगळ्या रंगाची असेल तर नुसती थोडी जादा शक्ती, पाव डीबीचंही नुकसान नाही. पण त्याच रंगाची असेल तर मूळ सिग्नलशी तिचे ठोके पडतात आणि रिसीव्हरच्या आतच गोंगाट तयार होतो. तो कुठल्याही फिल्टरने निघत नाही. एकाच रंगाची गळती −२५ डीबीच्या खाली ठेवावी, −२१ फार झाली.

सगळ्यांचा रंग एकच कधी होतो? सर्वांत सोप्या वेळापत्रकात! पहिल्या स्लॉटला सगळे त = ०, दुसऱ्याला सगळे त = १. लिहायला सोपं म्हणून जो तो हेच चक्र घेतो, आणि क्रॉसटॉकच्या दृष्टीने याहून वाईट चक्र नाही.

त्याऐवजी स्लॉट स मध्ये त = इ + स घ्या. मग आ = २इ + स. पोर्ट विषम असतील, समजा १७, तर हे थेट जमतं: प्रत्येक स्लॉटमध्ये सगळे रंग वेगळे, आणि १७ स्लॉटांत प्रत्येक इनपुट प्रत्येक आउटपुटला एकदा भेटतो. सम संख्येला पूर्णपणे जमत नाही, ही गणिताचीच मर्यादा आहे. पण १६ ला जवळपास जमवता येतं: इ = ० ते ७ साठी त = इ + स, आणि ८ ते १५ साठी त = इ + १ + स. पहिल्या आठांना सगळी सम किंवा सगळी विषम आउटपुट मिळतात, दुसऱ्या आठांना उरलेली. रंगांत फक्त एकच जोडी जुळते, इनपुट ० आणि इनपुट १५ ची. ती शेजारची जोडी, म्हणजे −२७ डीबी. ठोके पडणारी गळती −२१ वरून −२७ वर आली, तीही सोळांपैकी दोनच पोर्टांना. बाकी चौदांना जवळपास नाहीच. खर्च: कोष्टकातल्या काही ओळी.

अवकाश

कागदावर करून पाहिलं, बरोबर येतंय. पण हे ठराविक वेळापत्रकालाच लागू ना? मागणीनुसार चालणाऱ्या शेड्युलरचं (कोणी कधी पाठवायचं ते ठरवणारा) काय?

लोलक

शेड्युलर असेल तर त्याला एक अट जादा घालायची: एका स्लॉटमध्ये एकाच रंगाचे अमुकपेक्षा जास्त इनपुट नकोत. चालतं, पण शेड्युलर जड होतो.

चक्रपाणी

माझ्या मते शेड्युलरच नको. १६ पोर्टला मध्यवर्ती शेड्युलर एका बेताच्या एफपीजीएत (हवं ते लॉजिक भरता येणारी चिप) बसतो: ५१.२ नॅनोसेकंद म्हणजे २५० मेगाहर्ट्झला १२ क्लॉक, तेवढ्यात चार फेऱ्यांची जुळणी होते. अडचण अंतराची आहे. १०० मीटरवरून विनंती यायला ४९० नॅनोसेकंद, होकार जायला तेवढेच. पॅकेट निघण्याआधीच जवळपास एक मायक्रोसेकंद गेला. शिवाय विनंती-होकारासाठी वेगळं जाळं, त्याचे वेगळे ट्रान्सीव्हर.

ठराविक चक्रात हे काहीच लागत नाही. मायक्रोसॉफ्टच्या सिरियस या प्रायोगिक जाळ्यात (२०२०) हाच मार्ग होता: मधे ग्रेटिंग, कडेला झटपट लेसर, आणि पॅकेट आधी कुठल्याही मधल्या पोर्टकडे पाठवून तिथून मुक्कामी. त्यांचा लेसर ९१२ पिकोसेकंदांच्या आत रंग बदलत होता आणि एकूण गार्ड (दोन पॅकेटांमध्ये मोकळा सोडलेला वेळ) ३.८४ नॅनोसेकंद होता.

तंतुवाय

इथे मला ठामपणे अडवायचं आहे. मधल्या पोर्टवरून उडी मारायची म्हणजे प्रत्येक बिट स्विचमधून दोनदा जातो. सर्वांत वाईट आवकेत क्षमता निम्मी. तेवढीच सेवा द्यायची तर लेसर आणि रिसीव्हर दुप्पट: १६ ऐवजी ३२. 'शेड्युलर वाचला' म्हणताना ही किंमत त्याच पानावर लिहा. आवक मुळातच समसमान असेल तर थेट मार्ग पुरतो आणि मग हा आक्षेप उरत नाही, पण ते आधी मोजून दाखवावं लागेल.

चक्रपाणी

@तंतुवाय, आक्षेप मान्य. पण समोरचा पर्याय विसरू नका. इलेक्ट्रॉनिक स्विच मधे आला की प्रत्येक पोर्टला त्याच्या बाजूचाही एक ट्रान्सीव्हर लागतो, म्हणजे तिथेही दुप्पटच. आजच्या मोठ्या स्विचांत वीज कुठे जाते ते पाहा: ५१.२ टेराबिटची चिप, ६४ पोर्ट, प्रत्येकी ८०० गिगाबिटचा ट्रान्सीव्हर सुमारे १५ वॉटचा. ६४ × १५ = ९६० वॉट. चिप स्वतः त्याहून बरीच कमी घेते. प्रकाशाचा स्विच वाचवतो ती ही ट्रान्सीव्हरांची रांग. तीच वाचत नसेल तर तो बांधायचं कारण नाही.

रोहिणी_म

आता लेसर. डीबीआर जातीच्या (प्रवाहाने आरसे बदलून रंग बदलणाऱ्या) ट्यूनेबल लेसरला पुढचा आरसा, मागचा आरसा, फेज, गेन आणि बाहेरचा एसओए असे भाग. म्हणजे लेसरमागे निदान चार झटपट डॅक (आकड्याचा विजेच्या पातळीत बदल करणारे भाग), १२ ते १४ बिटांचे. साध्या ड्रायव्हरला रंग बदलायला दहा-वीस ते पन्नास नॅनोसेकंद, धक्का दिलेल्या ड्रायव्हरला त्याहून बरेच कमी. हमखास चुकतं ते असं:

रंग बदलताना प्रकाश चालू राहिला तर लेसर मधल्या सगळ्या रंगांवरून घसरत जातो आणि तेवढा वेळ भलत्याच आउटपुटांवर प्रकाश सांडतो. तिथे दुसऱ्याचं पॅकेट असतं. म्हणून बदलताना लेसरचा एसओए भाग बंद, स्थिरावल्यावरच चालू. ज्या लेसरला हा भाग नाही तो स्वस्त असला तरी घेऊ नका.

प्रवाह बदलला की तापमान बदलतं आणि रंग पुढचे काही मायक्रोसेकंद हळूहळू सरकत राहतो, काही गिगाहर्ट्झने. म्हणून ५० ऐवजी १०० गिगाहर्ट्झच्या अंतराचा राउटर घ्या. १६ चॅनेल म्हणजे १.६ टेराहर्ट्झ, साधारण १२.८ नॅनोमीटर, सी बँडमध्ये सहज मावतात.

राउटर सिलिकाचा असेल तर अंशाला सुमारे १.४ गिगाहर्ट्झ सरकतो. १० अंशांना १४. थर्मोस्टॅट लावा किंवा तापमानाला न बधणारा प्रकार घ्या.

आणि चक्राकार राउटर पूर्ण चक्राकार नसतो. शेवटच्या रंगानंतर पहिल्यावर गुंडाळताना काही गिगाहर्ट्झची चूक राहते, काठाच्या पोर्टांना जास्त. उद्योगात ठरलेल्या प्रमाणित अंतरांच्या रंगांवर अडून बसू नका. लेसर ट्यूनेबल आहेच, तर प्रत्येक इनपुट-आउटपुट जोडीचा सर्वांत कमी तोट्याचा बिंदू मोजून कोष्टकात ठेवा. लेसरमागे १६ ओळी, सगळ्या मिळून २५६. एकदा बसून मोजायचं काम आहे, पण त्यामुळे उत्पादनात नाकारलेले, किंचित सरकलेले राउटरही वापरता येतात.

अवकाश

लेसरला दर स्लॉटला एकच रंग पुढे जायचंय, पण १५ वरून ० वर मोठी उडी आहे. स्लॉटांचा क्रम ०, २, ४ … १४, १५, १३ … १ असा घेतला तर? कुठलीच उडी दोनपेक्षा मोठी राहणार नाही.

लोलक

कल्पना छान आहे, पण ती फक्त ० आणि १५ क्रमांकांच्या लेसरांना लागू पडते. बाकीच्यांचा रंग इ + स किंवा इ + १ + स असल्याने त्यांचं गुंडाळणं चक्राच्या मधेच येतं, आणि तुमच्या क्रमात ते दोनदा येतं, जाताना एकदा आणि परतताना एकदा. साध्या क्रमात प्रत्येक लेसरला चक्रात एकच मोठी उडी. तोच क्रम ठेवा. मोठ्या उडीनंतरच्या स्लॉटला तो लेसर उशिरा सुरू करेल, आणि कोणता स्लॉट ते आधीच ठाऊक असल्याने रिसीव्हरलाही सांगून ठेवता येतं.

या क्रमाचा आणखी एक लाभ: लेसरच्या १६ × १५ = २४० संभाव्य उड्यांऐवजी १६ च उड्या बसवाव्या लागतात.

मितवा_ऑप्टिक्स

सगळे पाठवणाऱ्या बाजूबद्दल बोलत आहेत. खर्च फसतो तो रिसीव्हरला.

साध्या रिसीव्हरला सतत प्रकाश लागतो. इथे दर स्लॉटला नवा लेसर, नवी पातळी, नवा फेज (बिट नेमका कधी सुरू होतो तो क्षण). बर्स्ट (तुटक पॅकेटं झेलणारे) रिसीव्हर पॉनच्या (घरोघरी फायबर नेणारं जाळं) ओएलटीसाठी (त्याच्या मुख्य टोकाचं यंत्र) ढिगाने बनतात, पण त्यांना स्थिरावायला शेकडो नॅनोसेकंद लागतात. गार्डचा हिशेब करा: लेसर ५०, वेळेची चूक ५, रिसीव्हर २००, एकूण २५५ नॅनोसेकंद. दहा टक्क्यांहून जास्त वाया घालवायचं नसेल तर स्लॉट सुमारे २.५५ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे जवळपास ८ हजार बाइट. सोळा स्लॉटांचं चक्र ४१ मायक्रोसेकंद. एका पोर्टचं पॅकेट चुकलं तर पुढची संधी ४१ मायक्रोसेकंदांनी. इमारतीतल्या जाळ्याला हे फार झालं.

म्हणून रिसीव्हरचे तीन प्रश्न सुटे करा.

पातळी: कोष्टकात रंगाबरोबर लेसरच्या एसओएचा प्रवाहही ठेवा. ज्या जोडीचा तोटा जास्त तिला जास्त प्रवाह. मधल्या आणि काठाच्या पोर्टांत दोन-तीन डीबी फरक असतो, तो पाठवतानाच भरून काढा. रिसीव्हरपाशी सगळी पॅकेटं अर्ध्या डीबीच्या आत सारखी आली की झटपट गेन बदलणारा महाग अँप्लिफायर लागत नाही.

बेसलाइन: रिसीव्हरचा कपलिंग कपॅसिटर १०० नॅनोफॅरड, ५० ओमला ५ मायक्रोसेकंदांचा टाइम कॉन्स्टंट. ७५ नॅनोसेकंदांच्या गॅपमध्ये पातळी दीडच टक्का ढळते. साधा रिसीव्हर हे सहज सोसतो, एका अटीवर: पाठवायला काही नसलं तरी स्लॉट रिकामा सोडायचा नाही, स्क्रॅम्बल केलेला भरणा पाठवायचा.

फेज: सगळ्यांना एकच संदर्भ क्लॉक द्या, म्हणजे फ्रीक्वेन्सीचा प्रश्न मिटतो. उरतो फक्त फेज, आणि चक्र ठराविक असल्याने कोणत्या स्लॉटला कोण बोलणार हे ठाऊक असतं. मागच्या खेपेचा फेज आठवून ठेवा, तिथूनच सुरुवात करा. या पद्धतीने २५.६ गिगाबिटला ६२५ पिकोसेकंदांच्या आत क्लॉक पकडल्याचं २०२० मध्ये प्रसिद्ध झालं आहे. फायबरचा उशीर अंशाला किलोमीटरमागे सुमारे ४० पिकोसेकंद बदलतो. १०० मीटरला ४ पिकोसेकंद, आणि बिटच ४० पिकोसेकंदांचा. दर चक्राला फेज ताजा होतो, तेव्हा एवढा सावकाश बदल सहज पकडला जातो.

असं केलं की गार्ड ५० + ५ + २० = ७५ नॅनोसेकंद. स्लॉट ७५०, चक्र १२ मायक्रोसेकंद, आणि रिसीव्हर बाजारातला साधा. पुढे लेसरचा ड्रायव्हर सुधारून गार्ड २० वर आणला तर स्लॉट २०० आणि चक्र ३.२ मायक्रोसेकंद.

तंतुवाय

एक पोर्ट बंद पडला तर? त्याचा स्लॉट सगळ्या रिसीव्हरांना काळा दिसेल.

मितवा_ऑप्टिक्स

७५० नॅनोसेकंद काळोख, ५ मायक्रोसेकंदांच्या टाइम कॉन्स्टंटला सुमारे १४ टक्के ढळ. त्याच्या मागून येणाऱ्या पोर्टच्या पॅकेटची सुरुवात खराब होईल. बंद पडलेला पोर्ट एक आणि तक्रार दुसऱ्याच पोर्टची, त्यामुळे शोधताना दिशाभूल होते. उपाय: कपॅसिटर १ मायक्रोफॅरड करा, ढळ दीड टक्क्यावर येतो. वीज चालू केल्यावर स्थिरावायला दसपट वेळ लागेल, त्याने काही बिघडत नाही. टीआयएच्या (फोटोडायोडमागच्या अँप्लिफायरच्या) आतल्या ऑफसेट लूपची खालची मर्यादाही तपासा. ती त्याहून वेगवान असेल तर बाहेरचा कपॅसिटर कितीही मोठा केला तरी उपयोग नाही.

रोहिणी_म

पॅकेटं राउटरपाशी एकाच वेळी पोचली पाहिजेत, निघाली पाहिजेत असं नाही. दोन पोर्टांच्या फायबरमध्ये १० मीटर फरक म्हणजे ४९ नॅनोसेकंद, वर धरलेल्या ७५ च्या गार्डमधले दोन तृतीयांश. प्रत्येक पोर्टने आपला उशीर मोजून तेवढं आधी सुरू करायचं. चक्रात प्रत्येक इनपुटचा एक स्लॉट स्वतःच्याच आउटपुटकडे जातो. तो वाया गेला असं न समजता याच मोजणीसाठी वापरा: स्वतःचा सिग्नल जाऊन परत आला की उशीर, पातळी आणि चुकांचं प्रमाण तिन्ही कळतात. एकमेकांच्या घड्याळांसाठी सर्नचं व्हाइट रॅबिट खुलं हार्डवेअर आहे, अचूकता नॅनोसेकंदाच्या आत, ५ नॅनोसेकंदांच्या अटीला पुरून उरतं.

अनुनाद (धागाकर्ता)

शक्तीचा हिशेब मीच जोडतो. लेसर +१३ डीबीएम, मॉड्युलेटरचा (प्रकाशावर बिट उमटवणारा भाग) तोटा ६ आणि मॉड्युलेशनचे ३, म्हणजे +४. राउटर ६, चार कनेक्टर २, रिसीव्हरपाशी −४. एफईसीसह (चुका दुरुस्त करणारं कोडिंग) २५ गिगाबिटच्या पिन (साध्या फोटोडायोडच्या) रिसीव्हरला −११ पुरतात. ७ डीबी हातात. क्रॉसटॉकला २, बर्स्टला २ ठेवले तरी ३ उरतात. मधे एकही अँप्लिफायर नको.

भागांची यादी: राउटर १, लेसर १६, मॉड्युलेटर १६, डॅक ६४, साधे रिसीव्हर १६, कडेला एफपीजीए आणि मेमरी. समोर १२८ गेटांची आणि १२८ ड्रायव्हरांची यादी. मला दुसरी वाट दिसते. कुणाचा विरोध?

चक्रपाणी

१६ ते ३२ पोर्टला विरोध नाही. त्यापुढे पोर्ट वाढले की रंग वाढतात, चक्र लांबतं आणि लेसरला सी बँडचं टोक गाठावं लागतं. तिथे अनेक लहान राउटर समांतर लावून प्रत्येक पोर्टला दोन-तीन लेसर द्यावेत.

आणि आवक मिनिटामिनिटाला नाही तर तासातासाला बदलत असेल, तर पॅकेट स्विच बांधूच नका. गुगलने ४,०९६ टीपीयू (एआयसाठीच्या) चिप जोडायला ४८ मेम्स सर्किट स्विच वापरले आहेत. तिथे जोडणी एकदा लावली की कामभर तशीच राहते, मिलिसेकंदांचा आरसा पुरतो, आणि कुठलाही वेग, कुठलाही रंग त्यातून जातो.

अवकाश

शेवटची शंका. मॉड्युलेटर लेसरमध्येच असलेला घेतला तर? १६ भाग आणि १६ जोडण्या कमी होतील.

रोहिणी_म

बाजारातले स्वस्त, मॉड्युलेटर अंगभूत असलेले लेसर एकाच रंगाचे असतात, ते इथे चालत नाहीत. ट्यूनेबल लेसर आणि माख-झेंडर एकाच इंडियम फॉस्फाइड चिपवर असलेला प्रकार मिळतो, तो घ्या. फायबर चिपला जोडायची कामं निम्मी होतात आणि खर्च मुख्यतः त्यातच असतो, चिपमध्ये नाही. फक्त त्याच्या मॉड्युलेटरचा बायस (मूळ व्होल्टेज) रंगाप्रमाणे बदलतो. कोष्टकात आणखी एक रकाना वाढवा: रंगाचे प्रवाह, एसओएचा प्रवाह आणि बायस, तिन्ही एकाच ओळीत, स्लॉटच्या सुरुवातीला एकदम लागू. बायस उशिरा बदलला तर पहिल्या काही बिटांचा डोळा (० आणि १ वेगळे दाखवणारी स्कोपवरची आकृती) मिटलेला दिसतो, आणि माणूस दोष रिसीव्हरमध्ये शोधत बसतो.